युद्धावर कविता लिहायची आहे? पुण्यातल्या नवोदितांसाठी

पुण्यातल्या कुठल्याही कविसंमेलनात तासभर बसा. जगात कुठे लढाई पेटलेली असेल तर त्या तासात एकदा तरी 'युद्ध' आणि 'बुद्ध' यांची गाठ पडतेच. यमक आयतं हाताशी असतं, कवीची कळकळ खरी असते, टाळ्याही पडतात. पण घरी जाताना ऐकणाऱ्याला त्यातलं काही आठवत नाही. मणिपूरवरची ती कविता गाझाला चालते, गाझावरची युक्रेनला, आणि दोन नावं बदलली की पुढच्या वर्षीच्या लढाईलाही चालेल. चालते, हीच तिची अडचण.

थोडंफार लिहिता येतं, बातमी बघून झोप उडते, वहीत ओळी उतरू लागतात आणि मग 'आपण कोण यावर लिहिणारे?' असा संकोच वाटतो, अशांसाठी हा लेख आहे. संकोच घालवू नका. तो पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडणार आहे.

आधी अंतर मोजा

वहीच्या पहिल्या पानावर कविता नको. त्या संघर्षापासून तुम्ही किती लांब आहात, ते साध्या गद्यात लिहून काढा. बातमी कशावर पाहिली? तेव्हा गॅसवर काय होतं? तिथलं एक तरी माणूस तुम्हाला नावाने माहीत आहे का? तिथल्या एका गावाचं नाव, एका भाजीचं नाव? बहुतेकांचं पान कोरंच राहतं. काही हरकत नाही, पण ते कोरं आहे हे तुम्हाला माहीत हवं. कोथरूडच्या बाल्कनीत बसून 'माझ्या मांडीवर माझं मेलेलं बाळ' असं लिहिणारा कवी निर्दय नसतो, त्याने फक्त हे पान भरलेलं नसतं. लांबून बघणाऱ्याचा 'मी' कवितेत लांबच राहिला तर ती अधिक खरी वाटते.

अर्थात पुणं वाटतं तितकं लांबही नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती पिंपरीत आहे, आणि 'पिंपरी कॅम्प' हे नाव आपण भाजी-कपड्यांच्या खरेदीपुरतं वापरतो. १९९० नंतर खोरं सोडावं लागलेल्या काश्मिरी पंडितांची मुलं इथल्या कॉलेजांत शिकली, आणि त्याच खोऱ्यातली मुसलमान मुलंही इथेच शिकतात. ३ मे २०२३ ला मणिपुरात मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार सुरू झाला. त्या राज्यातली मुलंही पुण्याच्या होस्टेलांत राहतात. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या दंगलींनंतर अफवांचं पीक आलं आणि ईशान्येकडची हजारो मुलं-माणसं बंगळूर आणि पुणं सोडून मिळेल त्या गाडीने निघून गेली. त्या वेळी तुम्ही या शहरात असाल तर ती आठवणही पहिल्या पानावर लिहा. आणि तीस जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर पुण्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, तेव्हाच्या गोष्टी कुणाकुणाच्या घरात अजून दबक्या आवाजात निघतात. दलित कुटुंबाची हत्या झाली ते खैरलांजी तर २००६ मधलं. आपल्या अंगणात असं काही घडतच नाही, अशा थाटात दूरच्या लढाईवर लिहू नये, एवढंच म्हणणं आहे.

मग खुर्दा मोजा

या विषयावर मराठीत कविता लिहायची तर माझ्या मते धडा पानिपतापासून घ्यावा. १४ जानेवारी १७६१ ची लढाई. तिची खबर नानासाहेब पेशव्यांना सांकेतिक चिठ्ठीतून मिळाली, असं सांगतात: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे. शिपाई, बाजारबुणगे, यात्रेला म्हणून सोबत निघालेल्या बाया, पाणके, घोड्यांचा दाणावैरण बघणारे. मोत्यांवर कादंबऱ्या झाल्या, नाटकं झाली. कवितेने खुर्द्याकडे बघावं.

हे नुसतं वाचून कळत नाही, म्हणून एक सकाळ खडकीच्या युद्ध दफनभूमीसाठी काढा. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या कबरी तिथे ओळीने आहेत. त्यांतल्या कित्येक दुसरीकडच्या दफनभूमींतून इथे हलवलेल्या, कारण तिथे कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती. प्रत्येक दगडावर नाव, पलटण, तारीख, बहुतेकांवर वय, आणि काहींवर खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. ती ओळ लहान असावी लागे. लेकाबद्दल दगडावर मावेल एवढंच लिहायचं! वही काढा, तिथलं एक नाव निवडा आणि त्याच्या आईच्या वतीने नव्हे, तर त्या दगडासमोर उभ्या असलेल्या तुमच्या वतीने चार ओळी लिहा.

नंतर कधी सातारा किंवा कोकणाकडे जाणं झालं तर एखाद्या गावात पहिल्या महायुद्धाची पाटी शोधा. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा अर्थाचा मजकूर असतो. दोन आकडे आणि काम संपलं. नावं नसतात. खडकीतला दगड आणि ही पाटी शेजारी शेजारी मनात ठेवली की कुणाचं दुःख नावानिशी लिहिलं जातं आणि कुणाचं आकड्यात, हे वेगळं शिकवावं लागत नाही. (त्याच खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्रही आहे. यावर कविता लिहायचा मोह होईल. थोडं थांबा, ती फार सहज जुळते.)

त्यांचे कवी वाचा, आपले पुन्हा वाचा

ज्या संघर्षावर लिहायचं, तिथल्या निदान दोन कवींच्या कविता वाचल्याशिवाय पेन उचलू नका. आणि दोघंही एकाच बाजूचे नकोत. अनुवाद बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत सापडतील. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद, १८४८ पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर, आणि आप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकानं इथे शोधायला सुरुवात करा.

श्रीलंकेतले तमिळ कवी एम. ए. नुहमान यांच्यापाशी थोडं रेंगाळू. १९८१ मध्ये, मे संपून जून लागला त्या रात्री जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे सत्त्याण्णव हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. पुढे १९८३ च्या जुलैत तमिळांविरुद्ध दंगली झाल्या आणि २००९ च्या मेपर्यंत चाललेलं युद्ध पेटलं. नुहमान यांनी ग्रंथालयाच्या आगीवर जी कविता लिहिली तिच्यात आक्रोश नाही. एक स्वप्न आहे. साध्या वेशातले पोलीस बुद्धाला गोळ्या घालतात, त्याचा देह ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पडतो. मग पुरावा नको म्हणून त्याला पुस्तकांबरोबरच जाळून टाकतात.

आता आपलं युद्ध-बुद्ध यमक आठवा. आपल्याकडे बुद्ध हा युद्धावरचा उतारा म्हणून येतो. सिंहली बहुसंख्याकांच्या देशात तोच बुद्ध सत्तेच्या बाजूने उभा केला गेला होता. कवीने त्याला शिव्या दिल्या नाहीत, उलट मारणाऱ्यांचंच दैवत त्यांच्याच हातून मारलं गेलं असं दाखवलं. सगळी कविता त्या एका उलटापालटीवर उभी आहे. ही उलटापालट सुचायला तिथलं राजकारण माहीत असावं लागतं. नुसती करुणा पुरत नाही.

आणखी एक. नुहमान तमिळ भाषिक, पण मुसलमान. ऑक्टोबर १९९० मध्ये तमिळ वाघांनी उत्तर श्रीलंकेतून मुसलमानांना घरंदारं सोडून निघायला लावलं. म्हणजे ज्या तमिळांचं ग्रंथालय जळलं, त्यांच्याच नावाने लढणाऱ्यांनी दुसऱ्या एका समाजाला हाकललं. 'पीडित' आणि 'अत्याचारी' अशा दोन रकान्यांत माणसं भरायची सवय असेल तर इथे गाडी अडते, आणि अडलेली बरी.

मणिपूरचे थांगजाम इबोपिशक यांची एक कविता अगदी वेगळ्या वाटेने जाते. पंचमहाभूतं माणसांच्या रूपात कवीला मारायला येतात. कवी म्हणतो, मारा, पण भारतीय बनावटीच्या बंदुकीच्या गोळीने. त्यांच्याकडे सगळी परदेशी हत्यारं, भारतीय मालाला ते नाकं मुरडतात, आणि वैतागून निघून जातात. कवी वाचतो. हसू येतं आणि लगेच घशाशी अडकतं. हसण्याची ही परवानगी मात्र तिथे राहणाऱ्याला आहे. पुण्यात बसून मणिपूरवर विनोदी कविता लिहू नका.

पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम यांनी फाळणीनंतर 'हीर' लिहिणाऱ्या वारिस शाहला कबरीतून हाक मारली: पंजाबची एक लेक रडली तर तू एवढं मोठं काव्य लिहिलंस, आज लाखो रडताहेत, ऊठ. आपण मराठीत कुणाला हाक मारणार? नवोदित हमखास तुकोबांना बोलावतात आणि 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' कवितेच्या डोक्यावर लावतात. ती लढाई मनाशी आणि जगण्याशी आहे, बाँबहल्ल्याशी तिचा संबंध लावला की दोन्ही हलकं होतं. जनाबाईला बोलावून बघा. दळता-कांडता बोलणारी बाई निर्वासितांच्या छावणीत काय बघेल, हा प्रश्न अजून फारसा कुणी घेतलेला नाही.

आपल्या घरातलेही पुन्हा वाचा. मर्ढेकरांच्या पिंपातल्या उंदरांच्या कवितेत युद्ध हा शब्द नाही, तरी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगाची घुसमट अनेकांना तिच्यात दिसते. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' ही जगभरच्या रडणाऱ्या बायकांची वही आहे, आणि तिच्यात १९७२ च्या व्हिएतनाममधल्या छायाचित्रातली नापाम या आगलाव्या बाँबने भाजलेली किम आहे. कोलटकर व्हिएतनामला जाऊन आले होते म्हणून ती कविता उभी राहिलेली नाही, ती एका छायाचित्राकडे बराच वेळ बघण्यातून आली आहे. फोनवर अंगठा सरकवत लिहिणाऱ्यांना हा धडा मोठा आहे.

माणूस भेटलं तर

होस्टेलमध्ये, ऑफिसात, मेसमध्ये तिथलं कुणी भेटलं तर 'तिकडे नेमकं काय झालं?' असं विचारू नका. तो प्रश्न त्यांना आधीच पन्नासांनी विचारलेला असतो, आणि तो आपल्या माहितीसाठी असतो. चहा घ्या, दुसरं बोला. ते आपणहून बोलले तर ऐका, रेकॉर्डिंग सुरू करू नका, समोर वही काढू नका. त्यातलं काही कवितेत घ्यायचं असेल तर स्पष्ट विचारा, नाव-गाव बदला आणि कच्चा मसुदा त्यांना वाचून दाखवा. त्यांनी 'हे नको' म्हटलं तर ते काढायचं, कविता कितीही लंगडी झाली तरी. मणिपूर किंवा काश्मीरच्या बाबतीत दोन्ही समाजांची माणसं एकाच वर्गात बसत असतात, त्यामुळे एकाने सांगितलेलं दुसऱ्यापुढे बोलून तपासून बघायचं नाही.

पहिला मसुदा

एक यादी भिंतीवर लावा: रक्त, राख, आक्रोश, टाहो, मानवता, कबुतर, माणुसकीचा अंत, धरणीमाय. पहिल्या मसुद्यात हे शब्द बंद. तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात एखादा गरजेने परत आला तर येऊ द्या. यादीबाहेरही आणखी सापडतील, 'चिमुकले हात' त्यांत सगळ्यात वर.

आता एक नमुना, या लेखासाठीच रचलेला. आधी नेहमीचा:

रक्ताने न्हाली ही धरती
मानवतेचा झाला अंत
युद्ध नको हो, बुद्ध हवा
सांगुन गेले साधूसंत

यात चूक अशी काढता येत नाही, कारण यात काही घडतच नाही. आता तोच विषय, पुण्यातल्या एका मेसमधून:

मेसवाल्या काकू महिनाअखेरीला विचारतात,
घरी जाणार असशील तर खाडे कापते.
तो म्हणतो, नाही काकू, इथेच आहे.
जूनमध्ये विचारलं. जुलैमध्ये विचारलं.
ऑगस्टपासून काकूंनी विचारणं सोडलं
आणि ताटात एक पोळी जास्त वाढली.

युद्ध नाही, गावाचं नाव नाही, घर जळाल्याचं कुणी सांगितलेलं नाही. खाडे हा शब्द पुण्यात मेसला जेवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि 'घरी जाणार' या दोन साध्या शब्दांतला 'घरी' तिथे आपोआप पोकळ होतो. अंतरही जागच्या जागी आहे, कारण कविता त्या मुलाच्या डोक्यात शिरत नाही, बाहेरून बघते. तरी शेवटची ओळ मी काढून टाकेन. जास्तीची पोळी काकूंना चांगलं ठरवते आणि ऐकणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं. 'काकूंनी विचारणं सोडलं' इथे थांबलं की त्या सोडण्यात माया आहे की कंटाळा, हे कळत नाही, आणि आपल्या शहराचं वागणंही नेमकं तसंच असतं.

मसुदा झाला की स्वतः हाच प्रयोग करा: शेवटची ओळ झाकून वाचा. दहापैकी आठ वेळा कविता सुधारते.

संयमाचा अतिरेकही नको. नामदेव ढसाळांचा जन्म याच जिल्ह्यातल्या पूर-कनेरसरचा, आणि १९७२ च्या 'गोलपिठा'त संताप तोंड भरून येतो. तो टिकला कारण त्यातली प्रत्येक शिवी कुठल्यातरी गल्लीतली आहे, हवेतली नाही. तुमच्या संतापाला पत्ता असेल तर खुशाल संतापा.

घाट कोणता?

बहुतेकांनी मुक्तछंदापासून सुरुवात करावी. गझल जपून, कारण शेर टाळी मागतो आणि दुसऱ्याच्या मरणावर टाळी घेणं अंगावर येतं. पोवाडा वीरासाठी घडला आहे, त्यात पळून जाणारं कुटुंब बसवायला चांगली ताकद लागते.

ओवीचा मात्र विचार करा. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवॅं यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना लक्षात येतं की गाणारी बाई जगाला उद्देशून बोलत नाही. ती शेजारणीला सांगते, 'बाई' म्हणून. युद्धावरची कविता 'हे जगा, बघ!' असं ओरडू लागली की ती एका माणसाकडे वळवायला हे वळण फार उपयोगी आहे.

तपासणी

कविता असली तरी तारीख, जागा, कुणी कुणाला मारलं, हत्यार कोणतं, हे बिनचूक हवं. किमच्या गावावर नापाम टाकणारी विमानं दक्षिण व्हिएतनामची होती, म्हणजे तिच्याच बाजूची, आणि हे न तपासता लिहिलेल्या कविता पुष्कळ आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो कुठल्या वर्षीचा, कुठल्या देशातला, हे शोधल्याशिवाय त्यावर ओळ लिहू नका. मृतांचे फोटो कवितेसोबत लावूच नका.

दोन्ही बाजूंचं दुःख सारख्या मापाने मोजायची गरज नाही. एका बाजूचंच लिहा, पण दुसऱ्या बाजूची माणसं रंगवून राक्षस करू नका. संपूर्ण समाजाचं नाव क्रियापदाचा कर्ता झालं असेल ('अमुक लोकांनी जाळलं') तर ते वाक्य पुन्हा बघा: जमावाने, टोळीने, पोलिसांनी, नेमकं कुणी? कवितेसाठी हे बरं आहेच, शिवाय समाजांत वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, हेही माहीत असावं.

वाचणं आणि छापणं

पहिलं वाचन मोठ्या सभागृहात नको. चार-पाच जणांत वाचा, आणि त्यांत कविता न वाचणारा एक तरी असू द्या. संमेलनात वाचताना निवेदन दोन वाक्यांचं: कुठलं ठिकाण, कुठलं वर्ष. आपल्याकडे निवेदन कवितेहून लांब होतं, आणि सूत्रसंचालक वर स्वतःच्या चार ओळी घालतो, त्याला आधीच सांगून ठेवा. पार्श्वभूमीला बासरी नको. चाल लावू नका. कुणी 'वा!' म्हणालं तर थांबू नका, पुढची ओळ वाचा.

दिवाळी अंकांना पाठवायची असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हालचाल करा, गणपतीनंतर बहुतेक संपादकांची पानं भरलेली असतात. दुसऱ्या कवीच्या कवितेचा अनुवाद सरावासाठी जरूर करा, याहून चांगला सराव नाही. छापायचा असेल तर परवानगी लागते, कारण आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क राहतो.

आणि कवितेखाली ठिकाण-तारीख घाला: पुणे, ऑगस्ट २०२३, असं. या विषयावरच्या कवितेत तो शोभेचा भाग नाही. संघर्षाची परिस्थिती महिन्या-महिन्याला बदलते, छावण्या हलतात, कालचे शरणार्थी उद्या परत गेलेले असतात किंवा नसतात. दोन वर्षांनी कुणी ती वाचली, तर तुम्ही काय माहीत असताना लिहिलं होतं, हे त्याला त्या तारखेवरूनच कळेल.